गेल्या सालचा ठिपका

अंबूबाईला मोबाइलमधलं फारसं कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. तिचं त्याच्याशी काम एकच, तेही दिवसातून एकदा. दिवेलागणीला माया कामावरून आली, तिनं हातपाय धुतले, चहा झाला, की अंबूबाई भिंतीला टेकून बसायची आणि म्हणायची, "लाव की गं."

माया लावायची. पडद्यावर नकाशा उघडायचा आणि त्यावर एक निळा ठिपका चालायला लागायचा. गेल्या वर्षी ह्याच दिवशी कोंडीबाची मेंढरं कुठून कुठं गेली, ते तो ठिपका दाखवायचा. दिवसभराची चाल घटकाभरात संपायची. तेवढा वेळ अंबूबाई कुणाशी बोलायची नाही, आणि ठिपका थांबल्यावरही मोबाइल लगेच परत द्यायची नाही.

कोंडीबा म्हणजे मायाचा बाप, वडूजकडच्या माळावरचा धनगर. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठच्या उसाच्या मुलखात उतरायचं आणि मृगाच्या तोंडाला वर परतायचं, हा त्या घराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. गेल्या ज्येष्ठात परतीच्या रस्त्यावर तो दुपारचा एका लिंबाखाली टेकला, तो उठलाच नाही. मेंढरं चुलतभावाकडं गेली आणि माया आईला सांगलीला आपल्या भाड्याच्या खोलीत घेऊन आली. अर्धा जन्म उघड्या रानात काढलेली बाई चार भिंतींत येऊन पडली. तिथं तिचं मन रमेना, आणि रमावं असं तिथं काही नव्हतंही.

त्या ठिपक्यामागं माणसं आणि यंत्रं बरीच होती. सांगलीत विश्रामबागेला मेंढपाळांच्या एका संघाचं कार्यालय होतं आणि माया तिथं डेटाबेस सांभाळायची. संघानं धनगरांच्या वाड्यांना जनावराच्या गळ्यात बांधायचे पट्टे वाटले होते. वाडा म्हणजे दगडामातीचा नव्हे. चार-सहा घरांची मेंढरं, शेरडं, घोडी, कोंबड्या, लेकरं असा जो गोतावळा एकत्र फिरतो, त्याला धनगर वाडा म्हणतात. प्रत्येक वाड्याला एक पट्टा, आणि तो आपली जागा सारखी सर्व्हरला कळवायचा. शेतात खतासाठी मेंढरं बसवायची असली की बागायतदारानं नकाशा बघायचा, जवळचा वाडा शोधायचा आणि फोन लावायचा, अशी ती योजना. योजना चांगलीच होती, खोटं कशाला बोला.

संघाचा कारभार वीरधवल सरांकडं होता. इस्लामपूरकडच्या ऊसवाल्या घरातला माणूस, पुण्यात शिकलेला, मनानं वाईट नाही. पण पाहुण्यांपुढं काही दाखवायचं म्हटलं की त्यांचं भान सुटायचं. पट्ट्यानं दर दहा मिनिटांनी जागा कळवली असती तरी काम भागत होतं. पण मग ठिपका नकाशावर बेडकासारखा उड्या मारायचा, आणि ते सरांना बघवेना. "लाइव्ह वाटलं पाहिजे," म्हणून त्यांनी दर दहा सेकंदांचा हुकूम काढला. उंटावरून शेळ्या हाकणारे आपण खूप पाहिलेत, ह्या गड्यानं नकाशावरून मेंढरं हाकायला घेतली. मंडळी आली की मोठ्या पडद्यावर हजारो ठिपके चालायचे आणि सगळे माना डोलवायचे.

आणि तिकडं डिस्क भरत होती. मायानं सांगितलं, लिहून दिलं, पुन्हा सांगितलं. सर म्हणायचे, पुढच्या बैठकीत घेऊ. बैठकांमागून बैठका झाल्या आणि घोंगडं भिजतच पडलं. सर्व्हर जुना, त्यात आणखी डिस्क बसवायला खाच शिल्लक नाही. शेवटी अगदी गळ्याशी आलं, तेव्हा बॅकअपसाठी ठेवलेली डिस्कच मूळ डिस्कला जोडून सरांनी वेळ मारून नेली. नक्कल ठेवायची जागा अशी मूळ डिस्कचं पोट भरण्यात गेली. माया तोवर सांगून सांगून थकली होती, त्यामुळं त्या वेळी ती गप्प बसली.

लोकांना वाटतं, डिस्क भरली म्हणजे नवीन काही मावणार नाही एवढंच, जुनं तर आहेच. तसं नसतं. डेटाबेसला मोठा प्रश्न विचारला की तो सगळी माहिती बाहेर काढतो, पसरतो, क्रमानं लावतो, जोड्या जुळवतो. एवढा पसारा मेमरीत मावत नाही, म्हणून तो डिस्कवर मोकळी जागा शोधतो. मळणीला खळं लागतं, तसंच हे. खळ्यातच पोत्यांची थप्पी लावून ठेवली तर मळायचं कुठं? मग तो थोडं काढतो, थोडं पसरतो, ते आवरतो, पुन्हा थोडं काढतो. मिनिटांचं काम तासांवर जातं, आणि जागा पार संपली की मध्येच हात टेकतो. संघात हे एकट्या मायाला कळत होतं, आणि कळणारा एकटाच असला की त्याचं कुणी ऐकत नाही.

माघातल्या एका सकाळी डॉक्टर शिवांजलींचा फोन आला. शिवांजली जनावरांच्या डॉक्टर. मलकापूरला राहायच्या, आणि कराडपासून खाली वाळव्यापर्यंत उतरलेल्या वाड्यांवर त्यांचं लक्ष असायचं. एरवी त्या फोनवर आधी ख्यालीखुशाली विचारायच्या. आज एकदम कामाचंच बोलल्या.

"माया, सिद्धूच्या वाड्यावर पीपीआरची साथ आलीय. काल नमुना तपासून आला. नाकंडोळे वाहतायत, तोंडं आलीत, हगवण लागलीय. रोज जनावरं मरतायत."

सिद्धू मायाच्या गावाकडचाच, नात्यानं लांबचा भाऊ. माया खुर्चीत सरळ बसली.

"बाकीच्यांना लस द्यायची ना मग?"

"लस आहे, पण सगळ्या वाड्यांना पुरेल एवढी नाही. मागवलीय, ती यायला आठवडा जाईल. हा रोग जवळ जवळ बसलं की लागतो. सिद्धू वरून उतरल्यापासून कुणाकुणाच्या शेजारी बसला, आणि ते पुढं कुणाच्या शेजारी बसले, एवढं मला दे. त्यांच्या भोवतीच्या वाड्यांना आज टोचते. अंदाजानं फिरले तर लस भलतीकडं संपेल आणि रोग तिसरीकडं निघून जाईल."

"कधीपर्यंत पाहिजे?"

"गाड्या चारला निघतील. दिवसा मेंढरं पांगलेली असतात, दिवस बुडताना जाळीत घेतात तेव्हाच टोचता येतं. आजची संध्याकाळ गेली की आणखी एक रात्र शेजार वाढला, असं धर."

मायानं डेटाबेसला विचारायचा प्रश्न, म्हणजे क्वेरी, लिहिली. लिहायला काही अवघड नव्हती. ह्या हंगामातला प्रत्येक वाड्याचा प्रत्येक मुक्काम घ्यायचा आणि दुसऱ्या प्रत्येक वाड्याच्या मुक्कामाशी ताडून बघायचा. पण हजारो पट्टे, दर दहा सेकंदाला एक नोंद, आणि प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ. तिनं क्वेरी चालवली आणि डिस्कचा दिवा एकसारखा लुकलुकायला लागला. तासाभरानं बघितलं तर काम जेमतेम दहावा हिस्सा झालं होतं. आणखी थोड्या वेळानं पडद्यावर लाल ओळ आली. जागा संपली होती.

तिनं प्रश्न लहान करून बघितला. रात्रीची एकच नोंद घेतली, तर निम्म्या पट्ट्यांची नेमकी त्या वेळची नोंदच नव्हती. रात्री बॅटरी उतरली की ते अधूनमधून मुके व्हायचे. "एक वाडा जरी सुटला तरी सगळं पाण्यात," डॉक्टर फोनवर म्हणाल्या. म्हणजे पूर्ण प्रश्नच विचारायला हवा होता.

मग माया खळं मोकळं करायला लागली. सर्व्हरच्या जुन्या नोंदी काढल्या, पाहुण्यांसाठी बनवलेले व्हिडिओ काढले. तेवढ्यानं काही होणार नव्हतं. माहिती हंगामवार ठेवली होती, एकेक हंगाम म्हणजे एकेक गठ्ठा. गठ्ठा अख्खा काढायचा म्हटलं तर क्षणात निघतो. तिनं वीरधवल सरांना विचारलं. सर दारातच उभे होते, चेहरा उतरलेला. त्यांच्या गावच्या शिवारातही वाडे बसले होते.

"जुनं आहे ना? काढून टाक. मी जबाबदार."

तिनं आदल्या सालचा, म्हणजे दोन वर्षांमागचा हंगाम काढला. क्वेरी पुन्हा चालवली. ह्या वेळी ती झपाट्यानं निघाली. अर्ध्यावर गेली, पाऊण झाली. सरांनी चहा मागवला. आणि अगदी शेवटच्या टप्प्यावर, सगळ्या जोड्या क्रमानं लावायच्या वेळी, पुन्हा तीच लाल ओळ आली. दुपार कलायला लागली होती.

"आता?" सर म्हणाले.

"गेल्या हंगामाचा गठ्ठा राहिलाय," माया म्हणाली. "तो काढला की जागा पुरेल."

"मग काढ की."

त्या गठ्ठ्यात काय आहे ते सरांना माहीत नव्हतं, आणि तिनं सांगितलं नाही. तिनं मनातल्या मनात हिशोब केला. कोंडीबाच्या पट्ट्याच्या नोंदी तेवढ्या बाजूला काढून घ्याव्यात. किती असतील? मोबाइलमध्येसुद्धा मावतील. पण गठ्ठ्यात नोंदी वाड्यावार नव्हत्या, वेळेवार होत्या. हजारो पट्ट्यांमध्ये एका पट्ट्याच्या नोंदी विखुरलेल्या, तांदळात वरी मिसळावी तशा. त्या वेचायच्या तर अख्खा हंगाम चाळावा लागणार, आणि तेही त्याच रडत चालणाऱ्या डिस्कवरून. दोन तास तरी जाणार. दोन तास कुठून आणायचे? डॉक्टरांच्या गाडीत बर्फाच्या पेट्या भरून तयार होत्या.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. आईचा फोन. शेजारच्या मनुबाईकडून लावून घेतलेला.

"माये, यायला उशीर व्हईल का गं आज?"

"व्हईल जरा. का?"

"न्हाई, म्हणलं गेल्या साली आजच्या दिशी आमी नेर्ल्याच्या ओढ्याला उतरलो व्हतो. लय चांगली जागा. म्हणलं, आज बघायचंच. उशीर झाला तरी जागी ऱ्हाते मी."

मायाच्या बोटाखाली पुसायची कळ होती. आये, ते आता पुसायचंय, पुसू का? एवढंच विचारायचं होतं. शब्द तिच्या ओठांवर आले होते. पण विचारलं आणि आई नको म्हणाली, तर? मग आईचा शब्द मोडून पुसावं लागलं असतं, किंवा आईचा शब्द राखून सिद्धूच्या शेजारचे वाडे मरायला सोडावे लागले असते. न विचारलेलं बरं, असं तिनं ठरवलं. माणूस घाबरला की असंच ठरवतो.

"बघू, आये. कामात हाय मी," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग तिनं गेल्या हंगामाचा गठ्ठा काढून टाकला. खरंच क्षणात निघाला तो. आवाज नाही, काही नाही. एका आकड्याच्या जागी दुसरा आकडा आला. बापाची तिरडी उचलली तेव्हा रडली नव्हती एवढं तिला आता रडू आलं, पण सर शेजारी उभे होते, म्हणून तिनं ते गिळलं.

क्वेरी पुन्हा चालवली. ह्या वेळी ती अडली नाही. खळं मोकळं मिळाल्यावर डेटाबेसनं सगळ्या जोड्या एका दमात लावल्या, आणि सर तिसऱ्यांदा घड्याळ बघतात तोवर वाड्यांची नावं पडद्यावर उतरली. कासेगावच्या अंगाचे काही, पेठच्या खालचे काही, आणि कुणाच्या ध्यानीमनी नसलेले दोन वाडे थेट कृष्णा ओलांडून पलूसच्या बाजूला गेलेले. मायानं नावं डॉक्टरांना पाठवली. गाड्या वेळेवर निघाल्या.

त्या संध्याकाळी ती घरी गेली, तर अंबूबाई भिंतीला टेकून बसलीच होती. माया म्हणाली, "आज मशीन बंद हाय, आये." दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली, आणि पुढंही रोज. अंबूबाईनं काही विचारलं नाही. मशीन म्हटलं की बिघडायचंच, अशी तिची समजूत होती. ती नुसती भिंतीला टेकून बसून राहायची आणि माया भांड्यांचा उगीच आवाज करायची. त्या साऱ्या संध्याकाळी मायाला खोली खायला उठली.

आठवडा सरता सरता सिद्धूचा फोन आला. बोलता बोलता म्हणाला, काकूकडं दे. मायानं मोबाइल आईच्या कानाला लावला.

"काकू, माझी निम्मी मेंढरं गेली," सिद्धू म्हणत होता. "पर दुसऱ्या कुणाच्या वाड्यात रोग गेला न्हाई. पलूसकडं दोन वाडं व्हतं, त्यांला तर म्या पार इसरलो व्हतो. येका ओढ्यावर येकच रात बसलो व्हतो आमी. तुमच्या पोरीनं हुडकलं त्यांला. माझ्या पायी दुसऱ्याचं घर बसलं न्हाई, ह्ये लय झालं."

अंबूबाई ऐकत राहिली. मग तिनं मोबाइल परत दिला आणि मायाच्या पाठीवरून हात फिरवला. असं ती कधी करायची नाही. "चांगलं काम केलंस," ती म्हणाली. "आता मशीन चालू झालं असंल, तर लाव की."

आता मायाला पळायला जागा उरली नाही.

"आये, त्ये आता दिसायचं न्हाई," ती म्हणाली. "मशीनमधी जागा नव्हती. जागा केल्याबिगर सिद्धूच्या शेजारची नावं निघत नव्हती. म्हणून गेल्या हंगामाचं सगळं पुसलं. मीच पुसलं."

अंबूबाईनं तिच्याकडं बघितलं.

"कवा?"

"त्याच दिशी."

"म्या फोन केलता, त्याच्या आदी का मागनं?"

"मागनं. लगीच."

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं आणि ती चालू होत नव्हती.

"मंग सांगायचं व्हतंस तवाच," अंबूबाई म्हणाली.

"तू नको म्हणली असतीस, तर मी काय केलं असतं?"

"म्या नको म्हणलं असतं व्हय?" अंबूबाईचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "लोकांची मेंढरं मरूंदेत आन्‌ मला ठिपका दावा, असं म्हणलं असतं म्या? जलमभर मेंढरामागं फिरले मी, माये. मला इचारलं असतंस, तर पुस म्हणलं असतं. पर इचारायचं व्हतंस."

माया खाली बघत होती. आईनं रागवावं, ओरडावं, असं तिला वाटत होतं. तेवढं सोपं काही आई करणार नव्हती.

"आबाचं तेवढंच राह्यलं व्हतं," माया म्हणाली. "त्येच म्या घालवलं."

"त्यो ठिपका तुझ्या आबाचा नव्हता."

मायानं मान वर केली.

"एडक्याच्या गळ्यात बांधला व्हता पट्टा, तर त्यानं बाभळीला घासून घासून तोडला. दोनदा तोडला. मंग तुझ्या आबानं त्यो घोडीच्या गळ्यात बांधला. संघाची लोकं रागं भरतील म्हणून सांगितलं न्हाई कुणाला. समद्याच वाड्यांनी तसंच केलंय, सिद्धूला इचार."

मायाचं डोकं आधी कामाकडं धावलं. पट्टे घोड्यांवर, म्हणजे दिवसाची सगळी चाल चुकीची. पण रात्री घोडी आणि मेंढरं एकाच जागी असतात, तेव्हा मुक्कामांची नावं बरोबरच. हे मनात आलं आणि लगेच तिला त्याची लाज वाटली. कारण घोडी कुणाच्या हातात असते, ते धनगराच्या लेकीला सांगावं लागत नाही. मेंढरं चरत चरत रानातनं बाप्ये आणतात. बाया सकाळीच बिऱ्हाड घोडीवर लादून, लेकरं-कोंबड्या घेऊन, रस्त्यानं पुढं मुक्कामाला जातात.

"म्हंजे ती तू व्हतीस," माया म्हणाली.

"मी व्हते."

"मंग रोज काय बघायचीस, आये? तुझं तूच?"

अंबूबाईनं पदर सारखा केला. सांगावं की नाही, असं तिच्या चेहऱ्यावर आलं आणि गेलं.

"सांजंला ठिपका थांबायचा न्हवं? तितं म्या घोडी सोडायची, तीन दगडं मांडून चूल पेटवायची, आन्‌ बसायची. मागनं त्यो मेंढरं घिऊन यायचा. आदी कुत्री यायची, मंग मेंढरं, मंग त्यो. ज्येष्ठात त्या दिशी बी मी फुडं जाऊन चूल पेटवूनच बसले व्हते. अंधार पडला तरी न्हाई आला." ती थांबली. "पर ठिपक्याच्या हिशोबानं त्यो दिस अजून लांब व्हता, माये. त्याच्या आदी, गेल्या साली, त्यो रोज येत व्हता. ठिपका थांबला की मी त्यो यायची वाट बघत बसायची. आता कुटं बसू?"